मार्गदर्शकाची खुर्ची

४ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण घडलंच तसं. कारखान्याच्या प्रशिक्षण समितीवर कटिंग खात्याचा कामगार प्रतिनिधी म्हणून माझी निवड झाली. बिनविरोध. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, यावरून लोकांचा विश्वास दिसतो. लांब्याचं म्हणणं, समितीच्या मीटिंगा जेवणाच्या सुट्टीत असतात म्हणून कुणी उभं राहिलं नाही. लांब्या आमच्याकडे कापायच्या पात्यावर असतो. कापड कापणं ही त्याची नोकरी, माणसं कापणं हा छंद.

घरी आल्यावर हिला बातमी सांगितली. हिने विचारलं, समितीत चहा तरी देतात का. ही म्हणजे बायको. आमच्याच खात्यात टेबलावर कापडाचे थर लावते. त्यामुळे घरी मी तिचा नवरा आणि कारखान्यात तिचा मास्तर. दोन्हीकडे ऐकणं बेताचंच.

५ सप्टेंबर
समितीची पहिली बैठक. चहा होता. बिस्किटंही. कामगार अधिकारी हसरे साहेब अध्यक्ष. त्यांचं हे आडनाव नाही. ते वाईट बातमीही हसून देतात म्हणून पडलेलं नाव. आज हसून म्हणाले, नवं मशीन येतंय. कापड स्वतः पसरतं, स्वतः कापतं. खडू नको, पुठ्ठ्याचे पॅटर्न नकोत, माणसाने कॉम्प्युटरवर नकाशा मांडायचा की झालं. आमची सगळी टेबलं जाणार.

पण कायदा आहे. साहेबांनी वाचून दाखवला आणि मी तो घरी आणला. ज्याचं काम नवं मशीन खाणार असेल, त्याला मालकाने कामाच्या वेळेत, पूर्ण पगारावर, सरकारी प्रशिक्षण केंद्रात नेऊन नवीन काम शिकवायचं. जो शिकून उत्तीर्ण होईल, त्याला काढता येणार नाही, नव्या मशीनवर घ्यावंच लागेल. जो शिकणार नाही, त्याला हिशोब देऊन घरी. केंद्रांवर देखरेख एका सरकारी मंडळाची, खर्च सगळ्या कारखान्यांच्या वर्गणीतून. इतका शहाणा कायदा ज्याने केला, तो माणूस आयुष्यात एकदा तरी बेकार झालेला असणार.

६ सप्टेंबर
खात्यात सगळ्यांना कायदा समजावून सांगितला. टेबलावर चढून. लोक भारावले. एकीने विचारलं, आणि मास्तर, तुमचं काय? मला हसू आलं. म्हटलं, अगं, मी समितीवर आहे.

संकल्प: तरीही कॉम्प्युटर शिकून घेणे. आठ दिवस पुष्कळ झाले. (खडू हातात बसायला वर्ष लागलं होतं, पण तेव्हा शिकवणारा यथातथाच होता.)

११ सप्टेंबर, सोमवार
केंद्रात पहिला दिवस. कारखान्याची बस नेते-आणते. खोलीला ताज्या रंगाचा वास. दोन बाजूंना लांब बाकं, त्यावर कॉम्प्युटर, दोघांत एक. शिकवणाऱ्या बाई अगदीच पोरसवदा. केसांचा बुचडा आणि त्यात पेन्सिल खोचलेली. पेन्सिल ठेवायला जागा नाही ती माणसं कॉम्प्युटर शिकवणार.

बाईंनी सगळ्यांना बसायला सांगितलं. ही तिसऱ्या बाकावर बसली आणि सरकून शेजारी जागा केली. मी उभाच राहिलो. बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, हे सगळे माझ्या हाताखालचे लोक. मी यांच्या रांगेत बसलो, तर उद्या अडलं-नडलं कुणाला विचारतील? खात्याची घडी विस्कटेल. बाईंना ते पटलं. लगेच ऑफिसातून हाताची, गादीची खुर्ची ओढत आणली आणि आपल्या टेबलाशेजारी ठेवली. म्हणाल्या, सर, इथे बसा, आम्हाला तुमचं मार्गदर्शन होईल.

हजेरीची दोन पानं असतात. एक प्रशिक्षणार्थींचं, एक मार्गदर्शकांचं. पहिल्यात गर्दी होती. मी दुसरं मागितलं. बाई म्हणाल्या, नक्की ना सर? मी पूर्ण सही केली, खाली दोन टिंबं देऊन.

संध्याकाळी हिने भांडी घासता घासता, पाठमोरीच राहून सांगितलं, उद्या बाकावर बसा. बघू म्हटलं. सगळं एका दिवसात ठरवायचं नसतं.

१४ सप्टेंबर
वर्ग उत्तम चाललाय. सुरुवातीची दहा मिनिटं मी बोलतो. आज विषय होता, कापडाचा उभा धागा कसा ओळखावा. सगळ्यांना माहीत होतं, तरी शांतपणे ऐकलं. लांब्या तर डोळे मिटून ऐकत होता.

मग बाईंनी पडद्यावर शर्टाचे भाग आणले. पुढा, पाठ, बाही, कॉलर. हे सगळे कापडाच्या पन्ह्यात असे बसवायचे की कापड कमीत कमी वाया जावं. हेच तर मी खडूने जन्मभर करत आलोय. बाईंनी एक बटण दाबलं आणि सगळे तुकडे भराभर एकमेकांच्या कुशीत शिरून गप्प झाले. फटी राहिल्या, पण माझ्यापेक्षा कमी. मी बाईंना म्हटलं, मशीनला अनुभव नसतो. त्या म्हणाल्या, खरंय सर. पोरगी गुणी आहे.

आमच्या लोकांना माउस धरता येत नाही. हिला येतो.

१८ सप्टेंबर, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर खोलीत एकटाच थांबलो. म्हटलं, हात साफ करून घ्यावा. तिसऱ्या बाकावर बसलो. माउस धरला. बाही उचलली. बाही निघून गेली. कुठे गेली ते कळेना. दुसरी आणली. तीही गेली. मग एक बटण सापडलं, ते दाबलं की नवी बाही येते. बरीच दाबून पाहिली. येताना दिसत, टिकत नसत. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली म्हणून खुर्चीत जाऊन बसलो.

दोष माउसचा. फार हलका आहे. हाताला वजन लागत नाही त्या वस्तूवर विश्वास कसा ठेवायचा?

१९ सप्टेंबर
आज बाईंनी वर्गाला विचारलं, काल तिसऱ्या बाकावर कोण बसलं होतं? शर्टाला बाह्याच बाह्या लागल्यात, एकावर एक, ढीग. लांब्या म्हणाला, गोमीसाठी शर्ट शिवायची ऑर्डर असेल. वर्ग खदखदला. मी गंभीर राहिलो. शिस्तीचा प्रश्न होता. तिसऱ्या बाकावर ही बसते, त्यामुळे सगळे हिच्याकडे बघत होते. ही म्हणाली, माझ्याकडूनच झालं, बाई.

झालं असेलही. आदल्या दिवशी काहीतरी अर्धवट सोडलं असणार.

२२ सप्टेंबर
मेव्हण्याने जुना लॅपटॉप दिलाय, हिच्या सरावासाठी. बाईंनी वर्गातला प्रोग्राम त्यात घालून दिला. स्वयंपाक उरकला की ही ओट्याशेजारच्या टेबलावर तो उघडून बसते. मलाही बसा म्हणाली. म्हटलं, मी मागे उभं राहून तपासतो. चहाचा कप घेऊन उभा राहिलो.

हिला एक विचित्र सवय लागलीय. करताना सगळं मोठ्याने बोलते. आता मी हा पुढा उचलते. आता डावं बटण दाबून धरते, सोडत नाही. आता हळूच फिरवते. सोडलं. चुकलं तर हे मागे नेणारं बटण, हे इथे, वरच्या कोपऱ्यात. मध्येच थांबते आणि तेच पुन्हा, जास्त सावकाश. नवशिक्यांना असं पुटपुटायची सवय असते. मला मात्र त्याने डुलकी येते.

मी दोन सूचना केल्या. एक तिने ऐकली. लॅपटॉप नीट टेबलाच्या मध्यावर घेतला.

२५ सप्टेंबर, सोमवार
आज बाईंनी विचारलं, सर, तुमचं भाषण आज वर्ग संपल्यावर ठेवूया का? ठेवलं. वर्ग संपल्यावर बस लागली होती.

खुर्चीची एक बाजू डुगडुगते, त्यामुळे पडद्याकडे लक्ष लागत नाही. हिला तसं सांगितलं, तर म्हणे, अंगणही वाकडं असेल, बघा जरा. चष्म्याचा नंबरही बदललेला असावा. डॉक्टरांना दाखवून मगच कॉम्प्युटरला हात लावायचा, हे आज पक्कं ठरवलं. डोळ्यांशी खेळ नको.

२९ सप्टेंबर
घरात वादावादी. वाद तसा माझा एकट्याचाच, ही पोळ्या लाटत होती. झालं असं की हिने बाईंना परस्पर विचारलं, हजेरीचं पान बदलता येतं का. बाई म्हणाल्या, येतं की. अजून आठवडाभराचा वर्ग बाकी आहे, आत्ता बदललं तर सर बाकीच्यांबरोबर परीक्षेला बसू शकतील.

माझ्या वतीने बोलायला ही कोण? समितीच्या सदस्याची बायको केंद्रात जाऊन पान बदला म्हणून विनवण्या करते, काय दिसतं ते? मी बरंच बोललो. कायद्यातलं कलमही सांगितलं. मार्गदर्शकांबद्दल कलम नाही हे बोलता बोलता लक्षात आलं, पण तोवर आवाज चढला होता.

ही म्हणाली, सुंभ जळाला तरी... आणि पोळी तव्यावर टाकली. म्हण अर्धी सोडायची पद्धत मला मुळीच आवडत नाही.

मग बऱ्याच वेळाने, काहीच न झाल्यासारखं म्हणाली, आपण दोघं एकाच बसने जातो-येतो, एवढीच मला हौस आहे हो. बसचा इथे काय संबंध, ते कळलं नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार
निर्णय झाला. उद्या लवकर जाऊन पान बदलणार. हिच्या सांगण्यावरून नव्हे. समितीच्या सदस्याने स्वतः परीक्षा देऊन दाखवली, तर लोकांपुढे आदर्श राहतो. भाषणात वापरता येईल.

हिला सांगितलं नाही. आश्चर्याचा धक्का देऊ.

३ ऑक्टोबर
लवकर गेलो. बाई दारातच भेटल्या. तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, बरं झालं आलात, मंडळाकडून पाहणीला लोक आलेत. आत नेलं. कोटवाले तीन-चार. बाईंनी ओळख करून दिली, हे आमचे तज्ज्ञ मार्गदर्शक, उद्योगातला अनुभवी माणूस वर्गात असावा अशी मंडळाची सूचना होती, ती आम्ही यांच्या रूपाने पाळली. कोटवाल्यांनी एकेक करून हात मिळवला. एकाने फोटो काढला. मी खुर्चीत, बाई उभ्या, मागे कॉम्प्युटर.

आता अशा प्रसंगी, अहो मला पहिल्या पानावर घ्या, हे सांगायचं कसं? बाईंचीच पंचाईत झाली असती. मुलगी आहे, नोकरी नवी आहे, माणसाने दुसऱ्याचाही विचार करावा.

तिसऱ्या बाकावरून ही सगळं बघत होती. मी लवकर का निघालो होतो ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार
परीक्षा. मला देखरेखीला नेमलं. मी बाकांमधून मागे हात बांधून फिरलो. लांब्याच्या मागे जरा जास्त थांबलो. लांब्याच्या कपाळावर घाम. माणसं कापणाऱ्याला घाम आलेला बघून बरं वाटलं, पण मग त्याचा तुकडा एकदाचा जागेवर बसला तेव्हाही बरं वाटलं. का, कोण जाणे.

हिचं सगळ्यात आधी झालं. झाल्यावर मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. पुरवणी हवी असेल म्हणून मी जवळ गेलो. कॉम्प्युटरच्या परीक्षेत पुरवणी नसते हे मग आठवलं.

१३ ऑक्टोबर
निकाल. कटिंग खातं सगळंच्या सगळं पास. ही पहिली. मी शिकवलेल्या खात्याचा शंभर टक्के निकाल, हे लिहून ठेवण्यासारखं आहे, म्हणून लिहिलं.

प्रमाणपत्रं माझ्या हस्ते दिली. एकेकाचं नाव पुकारत होते आणि मी देत होतो. लांब्या प्रमाणपत्र घेताना कानात म्हणाला, मास्तर, तुमचं कोण देणार? मी म्हटलं, पुढे चल. हिची पाळी आली तेव्हा फोटोवाला म्हणाला, दोघंही इकडे बघा. मी बघितलं. हिने बघितलं नाही. फोटोत ही माझ्या हाताकडे बघतेय.

१६ ऑक्टोबर, सोमवार
समितीची बैठक. हसरे साहेबांनी प्रशिक्षित कामगारांची यादी वाचली. यांना नव्या मशीनवर घेण्यात यावं, बाकीच्यांबाबत कायद्यानुसार कार्यवाही व्हावी, असा ठराव. अनुमोदन कोण देणार, विचारलं. अनुमोदन देण्यात माझा हात कुणी धरत नाही. उभा राहून दिलं.

यादी व्यवस्थित होती. माझं नाव नव्हतं. नसणारच. यजमानाचं नाव पाहुण्यांच्या यादीत घालत नाहीत.

साहेब बैठक संपल्यावर जरा रेंगाळले. म्हणाले, तुम्ही ठराव नीट ऐकलात ना? म्हटलं, शब्दन् शब्द. पहिल्यांदाच त्यांना न हसता पाहिलं. दात दुखत असावा.

२० ऑक्टोबर
नोटीस. कटिंग खात्यातल्या अप्रशिक्षित कामगारास महिनाअखेरीनंतरच्या पहिल्या सोमवारी कार्यमुक्त करण्यात येईल. अप्रशिक्षित कामगार एकच आहे. खाली माझं नाव.

टायपिंगची चूक. हल्ली टाइप करणारी माणसं पूर्वीसारखी राहिली नाहीत.

२१ ऑक्टोबर
चूक नाही. साहेबांना भेटलो. हसून बसायला सांगितलं, हसून पाणी मागवलं आणि हसून केंद्राची हजेरी दाखवली. प्रत्येक दिवशी मार्गदर्शकांच्या पानावर सही, खाली दोन टिंबं. ते म्हणाले, मास्तर, तुम्ही शिकलाय असं मी कशाच्या जोरावर लिहू? अपील करा. मंडळाकडे अपिलाची सोय आहे, आम्ही विरोध करणार नाही.

कायद्यात अपिलाचं कलम आहेच. मीच सगळ्यांना सांगितलं होतं. सुनावणी ३० तारखेला. विजय निश्चित. हिने ऐकून घेतलं आणि देवापाशी दिवा लावला. एरवी एवढ्यातेवढ्याला दिवा लावणारी बाई नव्हे.

२९ ऑक्टोबर, रविवार
उद्याच्या सुनावणीची तयारी. मी भाषण लिहितोय, कायद्याचा उद्देश आणि उद्योगातील अनुभवी व्यक्तींचे स्थान. हिचं म्हणणं, भाषण नको. अधिकारी विचारतील तेव्हा एवढंच सांगा की मी शिकायला बसायचो, पान चुकीचं निवडलं. बाईंशी बोलून आलीय. त्याही सांगणार आहेत. मग पुढच्या तुकडीत नाव घालतात आणि तोवर नोकरी राहते. मी रोज शिकवीन घरी, म्हणाली. आता मोठ्याने बोलून नाही, शेजारी बसवून.

भाषण चार पानी झालंय.

३० ऑक्टोबर, सोमवार
अपील अधिकारी सर्दीने बेजार. समोर गोळ्यांचं पाकीट, रुमाल. माणूस भला. बाई आल्या होत्या. हसरे साहेब होते. ही होती. दरवाज्यापाशी लांब्या आणि खात्यातले आणखी काही, अर्धा दिवस रजा टाकून माझ्या बाजूने सांगायला आलेले.

भाषणाची गरज पडली नाही. अधिकारी सुरुवातीलाच म्हणाले, हा कायदा माणसं कामावर राहावीत म्हणून आहे, घालवण्यासाठी नाही. तुम्ही वर्गात शिकायला बसत होता आणि सही चुकून दुसऱ्या पानावर झाली, एवढं तुम्ही सांगितलंत की मी पुढच्या तुकडीचा आदेश देतो. बाई म्हणाल्या, सर रोज यायचे, पडद्याकडे बघायचे, मी पाहिलंय. साहेब म्हणाले, आमची हरकत नाही. लांब्यासुद्धा दारातून म्हणाला, मास्तर टिपणं काढायचे साहेब. खोटं. मी टिपणं कधी काढली नाहीत. पण लांब्या कुणासाठी खोटं बोलला, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. ही हळूच म्हणाली, "सांगा ना. शिकत होते म्हणून सांगा."

मी दाराकडे पाहिलं. माझे थर लावणारे, माझे कापणारे. या लोकांना खडू कसा धरायचा ते मी शिकवलंय. यांच्यासमोर?

म्हटलं, "शिकायला मी काय नवशिका आहे? मी तिथे शिकवत होतो."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, नाक पुसलं आणि पुन्हा विचारलं. घाई करू नका, म्हणाले, विचार करून सांगा. मी पुन्हा सांगितलं. या वेळी जरा मोठ्याने. मग त्यांनी लिहून घेतलं.

बाणेदार उत्तर. समोरचा निरुत्तर झाला.

परतताना बसमध्ये माझ्याशेजारची जागा रिकामी होती, तरी ही दांडा धरून उभी राहिली. घरी चप्पल काढता काढता म्हणाली, "माझ्याशेजारी बसायला एवढं जड गेलं?" मी सांगणार होतो की प्रश्न शेजारी बसण्याचा नव्हताच, प्रश्न तत्त्वाचा होता. पण ही आत गेली होती.

६ नोव्हेंबर, सोमवार
शेवटचा दिवस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझ्याबद्दल चार शब्द सांगितले, चारही चांगले. टेबलं सोडवायला सुतार आले होते. माझ्या टेबलाच्या फळीवर खडूची एवढी पूड मुरली होती की उचलली तेव्हा सुताराला शिंका आल्या.

लांब्याने आज एकही टोमणा मारला नाही. फाटकापर्यंत माझी पिशवी घेऊन आला, दिली आणि परत गेला. तब्येत बरी नसावी.

७ नोव्हेंबर
नवं वेळापत्रक. सकाळी फिरणे. नंतर वाचन. दुपारी घरीच खासगी मार्गदर्शन वर्ग, कापड कापण्याची मूलतत्त्वं. पाटी रंगवून घेणे. विद्यार्थी आपोआप येतील.

ही सकाळच्या बसने गेली. डबा एकच भरला होता. मी खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यावर वळताना तिने थांबून मागे पाहिलं, माणूस मागून येतोय का हे बघावं तसं. मग लक्षात आल्यासारखी भराभर चालायला लागली.

फिरायला गेलो नाही. हवा बरी नव्हती.

९ नोव्हेंबर
पाटी रंगवली. अक्षर सुरेख. आज कुणी आलं नाही. समोरची आजीबाई विचारून गेली, पडदे शिवून देता का. म्हटलं, आम्ही शिवत नाही, मार्गदर्शन करतो. ती बरं म्हणाली आणि गेली.

ही आली तेव्हा थकलेली. नव्या मशीनवर दिवसभर उभं राहावं लागतं. काय काय केलं ते विचारलं. पूर्वी विचारायची वेळ यायची नाही, समोरच असायची. थोडंसं सांगून थांबली. जास्त सांगितलं तर मला वाईट वाटेल असं तिला वाटत असावं. तसं काही नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार
ही बाजारात गेलेली असताना लॅपटॉप उघडला. सहजच. पुढा उचलला, डावं बटण दाबून धरलं, सोडलं नाही. हळूच फिरवला. बसला. बाही उचलली. गेली. वरच्या कोपऱ्यातलं मागे नेणारं बटण दाबलं. आली.

म्हणजे मला येतंय. थोडं येतंय. कुठून येतंय ते कळेना. दोन्ही बाह्या बसवल्या. कॉलर उरली. तेवढ्यात कुलपात किल्ली वाजली म्हणून मिटून ठेवला.

संकल्प: सोमवारी केंद्रात जाणे. पहिल्या पानावर सही करणे. शेवटच्या बाकावर बसणे. खुर्ची देऊ केली तरी घ्यायची नाही. हे मात्र पक्कं.

१३ नोव्हेंबर, सोमवार
ही बसने गेल्यावर निघालो. दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला. केंद्रापर्यंत आता चालत जावं लागतं.

टेबलावरच्या कारकुनाला सांगितलं, शिकायला आलोय. हे शब्द तोंडातून बाहेर यायला जरा वेळ लागला, पण आले. त्याने विचारलं, कारखान्याचं नाव? मी म्हटलं, कटिंग मास्तर. हुद्दा नाही, कारखाना, म्हणाला. मी नाव सांगितलं. ओळखपत्र मागितलं. ते तर मी गेल्या सोमवारी कारखान्यात जमा केलं होतं. तो काही वाईट बोलला नाही. म्हणाला, काका, हे नोकरीत असलेल्यांसाठी आहे. कायदाच तसा आहे.

आहेच तसा. मला ते कलम पाठ आहे.

निघताना वर्गाच्या दारावरच्या काचेतून आत दिसलं. दुसऱ्या कुठल्या कारखान्याची तुकडी होती. मधल्या बाकावर माझ्याच वयाचा एक गृहस्थ, टक्कल पडलेला, माउस दोन्ही हातांनी धरून बसला होता, गरम कप धरावा तसा. शेजारची पोरगी तोंडावर हात ठेवून हसत होती. तोही हसत होता. बाईंनी येऊन त्याचा एक हात सोडवला.

मी बराच वेळ उभा होतो. मग कारकून बघायला लागला.

घरी पोचायला उशीर झाला. कुठे कुठे फिरत होतो ते आठवत नाही. ही आधीच आलेली, दारातच उभी. कुठे गेला होता, म्हणाली. म्हटलं, भाजी आणायला.

हातात पिशवी नव्हती. भाजीही नव्हती. हिने माझ्या स्वच्छ शर्टाकडे पाहिलं, दाढीकडे पाहिलं.  खुंटीवरची पिशवी घेतली आणि खाली भाजी आणायला गेली.